थकलेले भाडे, रद्द झालेला पट्टा आणि न्यायालयाकडून मिळणारी सवलत

जुन्या भाडेपट्ट्यांमध्ये एक कलम हमखास आढळते. भाडे लागोपाठ तीन महिने थकल्यास हा पट्टा आपोआप रद्द झाला असे समजण्यात येईल आणि पट्टेदाराने मिळकतीचा खुला ताबा बिनतक्रार परत द्यावा, अशा आशयाचे ते असते. सही करताना त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही आणि भाडे थकल्यावर मात्र दोन्ही पक्षांना तेवढेच आठवते. घरमालकाला वाटते की आता कुलूप बदलायला हरकत नाही आणि भाडेकरूला वाटते की आपला हक्क संपला. दिवाणी न्यायालयात भाड्याचे दावे चालवत आलेला वकील म्हणून सांगतो, या दोन्ही समजुतींना कायद्यात आधार नाही. पट्ट्यात ‘आपोआप’ लिहिले असले तरी पट्टा आपोआप संपत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १११ च्या खंड (छ) नुसार अटीचा भंग झाल्यावर मालकाने पट्टा संपुष्टात आणण्याचा आपला इरादा लेखी नोटिशीने कळवावा लागतो. कायद्याच्या पुस्तकी मराठीत या प्रकाराला समपहरण म्हणतात. ही नोटिशीची अट १९२९ च्या दुरुस्तीने आली आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या पट्ट्यांना ती लागू होत नाही. नोटीस दिल्यानंतरही ताबा हवा असेल, तर मालकाला न्यायालयातच यावे लागते.

न्यायालयात आल्यावर भाडेकरूला जी सवलत मिळू शकते, तिच्याविषयी हा लेख आहे. ती कोणाला मिळते, कोणत्या क्षणी मिळते आणि विशेषतः एकदा ती घेतलेल्या माणसाने दुसऱ्यांदा भाडे थकवले तर कायदा काय करतो, हे पाहण्यासारखे आहे, कारण आपल्याच राज्यात या शेवटच्या प्रश्नाची तीन कायद्यांत तीन वेगवेगळी उत्तरे आहेत.

सवलतीमागचा विचार मुळात इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयांचा, म्हणजे न्यायबुद्धीला धरून सवलत देणाऱ्या न्यायालयांचा आहे. भाडे थकल्यास पट्टा रद्द करण्याची अट ही भाडे वसूल व्हावे यासाठी घेतलेली हमी आहे. मालकाला त्याचे भाडे, व्याज आणि खर्च मिळाला की त्या अटीचे काम झाले, मग केवळ उशिराबद्दल पट्टेदाराची अख्खी मिळकत काढून घेणे न्यायाला धरून नाही, असा तो विचार. प्रद्युम्नकुमार विरुद्ध वीरेंद्र गोयल या १९६९ च्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली आणि त्यात एक महत्त्वाची भर घातली. ही सवलत मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ११४ मध्ये आहे आणि तिथे ‘दाव्याच्या सुनावणीच्या वेळी’ असे शब्द आहेत. त्या सुनावणीत अपिलाची सुनावणीही येते, म्हणून खालच्या न्यायालयात पैसे न भरलेल्या पट्टेदाराला अपिलातही सवलत देता येते, असे त्या निकालाने सांगितले.

कलम ११४ चे गणित थोडक्यात असे. पट्टा केवळ भाडे न दिल्यामुळे रद्द झालेला असावा. दाव्याच्या सुनावणीच्या वेळी पट्टेदाराने थकलेले भाडे, त्यावरील व्याज आणि दाव्याचा पूर्ण खर्च मालकाला द्यावा किंवा देऊ करावा, अथवा ही रक्कम पंधरा दिवसांत देण्याबद्दल न्यायालयाला पुरेसे वाटेल असे तारण द्यावे. तसे झाल्यास न्यायालय ताब्याचा हुकूमनामा (डिक्री) करण्याऐवजी पट्टेदाराला सवलत देणारा आदेश करू शकते आणि मग पट्टा जणू कधी रद्द झालाच नव्हता अशा रीतीने तो मिळकत धारण करतो. या वाक्यातले ‘करू शकते’ हे क्रियापद साधे नाही. सवलत हा पट्टेदाराचा हक्क नसून न्यायालयाची विवेकबुद्धी आहे, आणि नुसते पैसे आणून टेबलावर ठेवले की ती मिळतेच असे नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले नामदेव लोकमान लोधी विरुद्ध नर्मदाबाई हे १९५३ चे प्रकरण. तिथला पट्टेदार सवयीचा थकबाकीदार होता आणि मालकांना भाड्यासाठी पुन्हा पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागत होती. पैसे भरायला तो तयार असतानाही न्यायालयाने त्याला सवलत नाकारली. प्रत्येक प्रकरण त्याच्या स्वतःच्या गुणावगुणांवर पाहायचे. झालेला विलंब, पक्षकारांची वागणूक आणि मालकाला सोसावा लागलेला त्रास हे सगळे तराजूत घालायचे. आणि न्यायबुद्धीची सवलत मागणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ असायला हवेत, हे त्या निकालाचे सार आहे. सत्तर वर्षांनंतरही कलम ११४ खालचा युक्तिवाद या निकालाशिवाय पुरा होत नाही.

आता प्रत्यक्षात हे कलम आज किती जणांच्या उपयोगाचे आहे? महाराष्ट्रातल्या शहरांत राहणाऱ्या बहुतेक जुन्या भाडेकरूंना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. जिथे राज्याचा भाडे नियंत्रण कायदा लागू असतो तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाखाली पट्टा रद्द करणारी वेगळी नोटीस देण्याची गरजच नसते, कारण भाडेकरूला काढण्याची कारणे आणि त्याचे संरक्षण हे दोन्ही त्या राज्य कायद्यातूनच येतात, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने व्ही. धनपाल चेट्टियार प्रकरणात १९७९ साली ठरवून टाकले. त्यामुळे वाड्यातल्या दोन खोल्यांच्या भाडेकरूने कलम ११४ शोधत बसू नये. त्याचे कलम आहे भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम १५. उलट बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि ज्यांचे भरणा झालेले भागभांडवल एक कोटी रुपये किंवा अधिक आहे अशा कंपन्या यांना दिलेल्या जागा त्या कायद्यातून वगळलेल्या आहेत. त्यांच्यासाठी १८८२ चा कायदाच जिवंत आहे. म्हणजे विवेकबुद्धीवर अवलंबून असलेली जुनी सवलत मोठ्या कंपन्यांच्या वाट्याला आली आणि हक्काची सवलत लहान भाडेकरूंच्या. ही वाटणी मला तरी योग्य वाटते.

कलम १५ मध्ये भाडेकरूला दोन संधी आहेत. पहिली दाव्याआधीची. घरमालकाने प्रमाणभूत भाडे (कायद्याने ठरणारे भाडे) आणि अनुज्ञेय वाढ (त्यावर कायद्याला मान्य असलेली वाढ) यांची लेखी मागणी करणारी नोटीस बजावल्यानंतर नव्वद दिवस पूर्ण होईपर्यंत थकबाकीच्या कारणावरून दावाच दाखल करता येत नाही. या नव्वद दिवसांत पैसे दिले की विषय तिथेच मिटतो. दुसरी संधी दावा लागल्यानंतरची. समन्सची बजावणी झाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत भाडेकरूने तोपर्यंत देय झालेले भाडे व वाढ आणि थकबाकीवर दरसाल दरशेकडा १५ प्रमाणे सरळ व्याज न्यायालयात भरले, दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत पुढचे भाडे नियमितपणे भरत राहिला आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर त्याच्याविरुद्ध थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूमनामा करता येत नाही. इथे न्यायालयाला ‘करू शकते’ असा पर्याय नाही. अटी पाळल्या की संरक्षण मिळालेच पाहिजे, भाडेकरू स्वभावाने कसाही असो.

पण अटी पाळणे म्हणजे काय, इथेच माणसे अडकतात. घर गमावणारे भाडेकरू पैशाअभावी घर गमावतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. पागडीच्या जागेत महिना चारशे रुपये भाडे देणाऱ्यांच्या बाबतीत ती सहसा खरी नसते. ते हिशेबात चुकतात. समजा, महिना चारशे रुपये भाडे आहे आणि वीस महिने थकले आहेत. थकबाकी झाली आठ हजार. १५ टक्के सरळ व्याज म्हणजे चारशे रुपयांवर दरमहा पाच रुपये. महिनाअखेर भाडे देय होते असे धरले, तर विसाव्या महिन्याच्या शेवटी पहिल्या महिन्याच्या भाड्याला एकोणीस महिने उशीर झालेला असतो, दुसऱ्याला अठरा, आणि असे उतरत शेवटच्याला शून्य. या सगळ्या महिन्यांची बेरीज १९० येते, म्हणजे व्याज ९५० रुपये. भाडेकरू आठ हजारांचा धनादेश मोठ्या ऐटीत भरतो आणि हे साडेनऊशे रुपये राहून जातात. ज्या जागेची बाजारातली किंमत पाऊण कोटी आहे, तिच्यावरचा आपला हक्क साडेनऊशे रुपयांच्या तुटीवर लटकतो आहे, हे त्याला कैफियत (दाव्याला द्यायचे लेखी उत्तर) दाखल झाल्यावर कधीतरी कळते. शिवाय नोटिशीच्या तारखेपर्यंतचा आकडा भरून भागत नाही; नोटीस, दावा आणि समन्स या दरम्यान जे महिने सरले त्यांचे भाडेही ‘तोपर्यंत देय झालेले’ या शब्दांत येते.

दुसरी ठेच लागते ती अनुज्ञेय वाढीची. १९९९ च्या कायद्याने घरमालकाला भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करण्याचा हक्क दिला आणि महापालिकेच्या करांमधली वाढही ठरावीक मर्यादेत भाडेकरूकडून घेता येते. पावतीवर अजून जुनाच आकडा छापून येतो म्हणून भाडेकरू तोच भरतो आणि घरमालकाच्या नोटिशीत मात्र वाढीसह आकडा असतो. वाढीबद्दल खरोखर वाद असेल, तर प्रमाणभूत भाडे ठरवून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. मात्र वाद आहे म्हणून काहीच भरायचे नाही, हा मार्ग घरमालकाला आयता दावा मिळवून देणारा आहे. माझ्या पक्षकारांना मी नेहमी सांगतो की वादातली रक्कमही हरकत राखून भरा. जादा भरलेले पैसे पुढच्या भाड्यात वळते करून घेता येतात, पण कमी भरलेल्याची भरपाई नव्वद दिवसांनंतर करता येईल या भरवशावर कोणी राहू नये.

न्यायालयात पैसे भरण्याची रीत बाहेरच्या माणसाला थोडी अनोळखी असते. आधी भाडे भरण्याच्या परवानगीचा अर्ज द्यायचा, त्यावर न्यायाधीशांचा आदेश झाला की चलन तयार करून रक्कम न्यायालयाच्या नाझर विभागात (जिथे पैसे जमा होतात) भरायची, पावती घ्यायची आणि त्या पावतीसह पैसे भरल्याची पुरसिस, म्हणजे न्यायालयाला तसे कळवणारा लेखी कागद, दाव्याच्या कागदांत लावायची. पहिल्या वेळी हे सगळे वकील करतो. खरी परीक्षा पुढच्या महिन्यांची आहे. दावा पाच-सात वर्षे सहज चालतो. पहिले वर्षभर भाडेकरू दर महिन्याला न चुकता येतो, नंतर दोन महिन्यांचे एकदम भरू म्हणतो, मग गावी जातो, मग आजारी पडतो, आणि पाहता पाहता आठ महिन्यांचे भाडे एकाच चलनाने भरल्याची नोंद कागदावर येते. घरमालकाचा वकील उलटतपासणीत तेवढीच पावती पुढे करतो. जुन्या मुंबई भाडे कायद्यातही ‘नियमितपणे’ हा शब्द होता आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या एका निकालात त्याचा अर्थ लावताना सांगितले की भरणा ठरावीक कालांतराने आणि वाजवी वक्तशीरपणे झाला पाहिजे. एखाददुसरा दिवस मागेपुढे झाल्याने कोणाचे घर जात नाही. परंतु आपल्या सवडीने अधूनमधून गठ्ठ्याने भरणे म्हणजे नियमित भरणे नव्हे. आगाऊ भरायला मात्र कोणाची आडकाठी नसते. सहा महिन्यांचे पुढचे भाडे आधीच भरून टाकणारा भाडेकरू मी शहाणा समजतो.

समन्सच्या बाबतीतही एक भाबडी युक्ती अजून चालते. बेलीफ आला की दार उघडायचे नाही किंवा समन्स घ्यायला नकार द्यायचा, म्हणजे नव्वद दिवस सुरूच होणार नाहीत असे काहींना वाटते. नकार दिला तर बेलीफ समन्स दारावर डकवतो, पंचनामा करतो आणि त्याचा अहवाल समाधानकारक वाटला की न्यायालय बजावणी झाली असे धरते. दिवस तेव्हापासूनच मोजले जातात आणि भाडेकरू मात्र आपण वेळ मिळवली अशा समाधानात असतो.

भाडेकरूच नेहमी टाळाटाळ करतो असे मुळीच नाही. जागेची किंमत वाढली की काही मालक भाडे घेणेच बंद करतात, म्हणजे थकबाकी आपसूक तयार होते. कलम १५ च्या पहिल्याच पोटकलमात याला उत्तर आहे: भाडेकरू भाडे देत आहे किंवा देण्यास तयार व राजी आहे तोवर मालकाला ताबा मागता येत नाही. ही तयारी मनात असून चालत नाही, ती कागदावर दिसावी लागते. वर्षानुवर्षे यासाठी मनीऑर्डर हेच हत्यार होते. ‘घेण्यास नकार’ असा पोस्टमनचा शेरा मारून परत आलेले मनीऑर्डरचे तुकडे रबरबँडमध्ये बांधून ठेवलेल्या आजीबाई मी पाहिल्या आहेत आणि त्या तुकड्यांवर दावा जिंकलेलाही पाहिला आहे. हल्ली मालकाच्या बँक खात्यात थेट रक्कम पाठवता येते. खाते क्रमांक मागणारे नोंदणीकृत पत्र आणि त्याला न आलेले उत्तर यांचाही पुरावा म्हणून उपयोग होतो. तोंडी ‘मी भाडे घेऊन गेलो होतो, त्यांनीच घेतले नाही’ हे वाक्य मात्र साक्षीच्या पिंजऱ्यात फार वेळ टिकत नाही.

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात ही सवलत बरीच आखडती होती. भाडे दरमहा देय असेल, प्रमाणभूत भाड्याबद्दल वाद नसेल, सहा महिने किंवा अधिक थकबाकी असेल आणि नोटिशीनंतर महिनाभरात ती दिली नसेल, तर त्या भाडेकरूला वाचवणे न्यायालयाच्या हातात उरत नसे. मग वकिलांनी वाट काढली. करांची रक्कम वर्षातून एकदा देय असते, कर हा भाड्याचाच भाग आहे, म्हणून भाडे ‘दरमहा देय’ नाही, हा युक्तिवाद कित्येक प्रकरणांत मान्य झाला आणि भाडेकरू त्याच कलमाच्या थोड्या सौम्य उपखंडात जाऊन बसले. तिथेही पहिल्या सुनावणीपर्यंत किंवा न्यायालय ठरवील त्या तारखेपर्यंत सगळे भरून पुढे नियमित भरावे लागे, आणि त्या अटी न पाळणाऱ्यावर दया दाखवण्याची मुभा न्यायालयाला नाही, असे गणपत लढा विरुद्ध शशिकांत विष्णू शिंदे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली बजावले. पुढे १९८७ च्या दुरुस्तीने आणि नंतर १९९९ च्या कायद्याने सगळ्यांना एकच सोपा नियम आला.

आता त्या दुसऱ्यांदा थकवणाऱ्याकडे येतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाखाली, लोधी प्रकरणात दिसले तसे, पूर्वीची वागणूक न्यायालय विचारात घेते आणि सवयीच्या थकबाकीदाराला बाहेरचा रस्ता दाखवू शकते. शेतजमिनीच्या बाबतीत १९४८ च्या कूळकायद्याने वेगळी पद्धत घेतली. खंड, म्हणजे जमिनीचे भाडे, थकल्यामुळे कूळवहिवाट संपवून मालकाने कारवाई केली, तर त्या कायद्याच्या कलम २५ नुसार मामलेदाराने कुळाला पंधरा दिवसांत थकबाकी व खर्च देण्यास सांगायचे आणि त्याने ते दिले की कूळवहिवाट संपलीच नाही असा आदेश करायचा. परंतु कोणत्याही तीन वर्षांचा खंड कुळाने थकवला असेल आणि मालकाने प्रत्येक वेळी तीन महिन्यांच्या आत तसे कळवले असेल, तर ही सवलत मिळत नाही. या तीन चुकांनंतर मामलेदाराला आपल्या मनाने दया दाखवता येत नाही, असे राजाराम महादेव परांजपे विरुद्ध आबा मारुती माळी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. दिल्लीच्या १९५८ च्या भाडे कायद्यातही अशी मर्यादा आहे. तिथे एकदा सवलत घेतलेल्या भाडेकरूने त्याच जागेचे भाडे पुन्हा लागोपाठ तीन महिने थकवले, तर दुसऱ्यांदा सवलत नाही.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात मात्र अशी कोणतीही मर्यादा नाही. भाडेकरूने दोन वर्षे भाडे थकवावे, मालकाने नोटीस द्यावी, नव्वद दिवस थांबावे, दावा लावावा, वकिलाची फी भरावी, समन्स बजावून घ्यावे, आणि भाडेकरूने एकोणनव्वदाव्या दिवशी व्याजासह पैसे भरून मोकळे व्हावे. हा खेळ कायद्याच्या भाषेत कितीही वेळा खेळता येतो. दाव्याचा जो खर्च न्यायालय भाडेकरूवर बसवते, तो मालकाच्या प्रत्यक्ष खर्चाच्या जवळपासही नसतो. मी बहुतेक वेळा भाडेकरूंच्या बाजूने उभा राहतो, तरीही हे मला पटत नाही. कुळाला १९४८ साली जो निकष लावला तो शहरातल्या भाडेकरूला लावायला हरकत नव्हती, कारण पावसावर खंड देणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा पगारातून भाडे देणाऱ्याची अडचण मोठी आहे असे कोणी म्हणणार नाही. दुसरीकडे, अशी मर्यादा घालताना मालकाने भाडे नाकारून तयार केलेली थकबाकी त्यात मोजली जाणार नाही याची काळजी कायद्याला घ्यावी लागेल, नाहीतर तीन मनीऑर्डरी परत पाठवून घर रिकामे करून घेण्याची सोय होईल.

इथपर्यंत सगळी सवलत पैशापुरती होती. इतर अटींच्या भंगाला कायदा इतका उदार नाही. १९२९ साली घातलेले कलम ११४-क सांगते की व्यक्त, म्हणजे पट्ट्यात स्पष्ट लिहिलेल्या, अटीचा भंग झाल्यामुळे पट्टा रद्द करायचा असेल, तर नेमका कोणता भंग झाला हे सांगणारी आणि तो सुधारण्यासारखा असल्यास सुधारण्यास फर्मावणारी लेखी नोटीस आधी द्यावी लागेल आणि वाजवी वेळेत पट्टेदाराने सुधारणा केली नाही तरच दावा लावता येईल. इंग्लंडच्या १९२५ च्या कायद्यातील कलम १४६ चे हे भावंडच म्हणावे लागेल. कार्यालयासाठी घेतलेल्या जागेत कंपनीने व्यायामशाळा काढली, तर तिला ती बंद करून पट्टा वाचवता येतो. पोटभाडेकरू ठेवणे, पट्टा दुसऱ्याच्या नावे करणे किंवा ताबा दुसऱ्याला देणे याविरुद्धच्या अटींना मात्र हे कलम लागू नाही. भाडे नियंत्रण कायद्याखालीही पोटभाडेकरू ठेवला किंवा मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम केले, तर नंतर पैसे भरून किंवा माफी मागून ते निस्तरण्याची कलम १५ सारखी सोय नाही.

मालकाची मालकीच नाकारणे हे कलम १११ मधले दुसरे कारण आहे, आणि त्यालाही कलम ११४ किंवा ११४-क ची सवलत नाही. काही वकील कैफियतीत ‘वादी हा मालक असल्याचे नाकबूल’ असे सवयीने लिहून टाकतात, तेव्हा त्यांनी हे आठवावे. मूळ मालक वारल्यावर त्याच्या वारसांपैकी कोणाला भाडे द्यायचे याचा पुरावा मागणे म्हणजे मालकी नाकारणे नव्हे. दोन भाऊ भाडे मागत असतील आणि दोघेही मूळ मालकाकडूनच हक्क सांगत असतील, तर भाडेकरूला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३५ खाली दावा करून ते पैसे न्यायालयाकडे सोपवता येतात.

कधी कधी मालकच आपला हक्क घालवून बसतो. भंग झाला हे ठाऊक असूनही त्यानंतरच्या काळाचे भाडे त्याने स्वीकारले किंवा पट्टा चालू आहे असे दाखवणारे दुसरे काही केले, तर कलम ११२ नुसार तो भंग सोडून दिला असे होते. म्हणूनच नोटीस दिल्यावर मालकांचे वकील भाडे घेऊ नका असा सल्ला देतात. दावा दाखल झाल्यानंतर स्वीकारलेल्या भाड्याला मात्र हा नियम लागू नाही.

करोनाच्या काळात सवलतीचा एक नवाच अर्थ लोकांनी लावला होता. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची आणि भाडे न दिल्यामुळे कोणाला घराबाहेर न काढण्याची सूचना केली होती. ती वसुली लांबवण्याची सूचना होती, भाडे माफ करण्याची नव्हे. हा फरक लक्षात न आल्याने कित्येकांची त्या महिन्यांची थकबाकी पुढच्या नोटिशींमध्ये व्याजासह उगवली.

हुकूमनामा झाल्यावर भाडेकरूला तीस दिवसांत अपील करता येते. मुंबईत लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे आणि इतरत्र जिल्हा न्यायालयात. अपिलात भाड्याचा भरणा थांबवून चालत नाही, उलट तो महागतो. महाराष्ट्र शासन विरुद्ध सुपरमॅक्स इंटरनॅशनल या २००९ च्या प्रकरणात भाडेकरू खुद्द राज्य सरकार होते. हुकूमनाम्याला स्थगिती देताना न्यायालय भाडेकरूवर जुन्या भाड्यापेक्षा बरीच जास्त, बाजारभावाशी सुसंगत रक्कम दरमहा भरण्याची अट घालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने तिथे मान्य केले. चारशे रुपये भाड्याच्या जागेसाठी स्थगितीच्या काळात महिना वीस हजार भरावे लागले, तर अपील किती काळ परवडेल याचा विचार दावा चालू असतानाच करायला हवा.

शेवटी ज्यांच्या हाती ‘लिव्ह अँड लायसन्स’चा अकरा महिन्यांचा करार आहे, त्यांच्यासाठी. वर सांगितलेले काहीही त्यांना लागू नाही. ते कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसून परवानाधारक आहेत. मुदत संपली की भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून मालक जागा परत घेऊ शकतो, आणि मुदतीनंतर जागा अडवून ठेवली तर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. त्यामुळे सवलतीसाठी माझ्याकडे येणाऱ्याकडून मी थकबाकीचा आकडा नंतर विचारतो. आधी त्याच्या हातातला कागद पाहतो.